डावीकडलं स्टेअरिंग

चांदा, बुधवार, ७ डिसेंबर १९५५

मालगुजारांच्या वसंतानं जर्मनीत गाडी घेतली अन् इराणवरून स्वतः चालवत इथवर आणली. लाल, दोनच माणसांची, स्टेअरिंग डावीकडे. मी वीस वर्षं सागवान वाहून चार ट्रक उभे केले, पण अशी गाडी हाती आली नाही. आज पोटात जळलं. इथं लिहायला कसली लाज?

म्हणाला, "भाऊ, मूल गावच्या रस्त्यानं चाला. पुढं बैलबंडी आली का मले या बाजूनं पलीकडचं दिसत नाई. तुमी उजवीकडून सांगा."

म्हणजे मी त्याचा क्लीनर. "थांब, आता काढ," म्हणत गेलो. प्रत्येक बंडीमागं माझा उजवा पाय ब्रेक दाबत होता. तिथं ब्रेक कुठला, नुसता पत्रा.

परतताना इंजिनातून बारीक ठोका ऐकू आला. बेअरिंग जात आहे. वसंतानं विचारलंही, "भाऊ, तुमचे कान तेज. आवाज बरोबर हाये ना?"

"झकास," म्हटलं मी.

काऊन म्हटलं? उद्या तो सिरोंच्याला निघतो. जंगलात इंजिन जाम झालं तर होऊ दे, असं मनात आलं खरं. ज्या कानांवर पोट भरलं, तेच आज खोटे पाडले. अन् पाय अजून जमीन दाबतोच आहे.

सकाळी तो निघायच्या आत जाऊन सांगतो. तसलं बेअरिंग इथं मिळायचं नाही, मीच धातू वितळवून ओतून देईन. मग गाडी तपासायला मूलपर्यंत न्यावीच लागेल. डावीकडे मी बसणार. बंड्या वसंतानं पाहाव्या.