संत्र्यांचा डबा आणि हमीचा शिक्का

मी, हिरासे मित्सुए, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त गृहविज्ञान शिक्षिका, राहणार तोरिदे, तोने नदीचा उत्तर काठ, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही आणि कोणाच्या भीतीने तर मुळीच नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. आज सकाळीच देवळाच्या दालनातल्या छत्र्या मोजल्या. एकेचाळीस भरल्या, आणि बेचाळिसावी कोणाकडे आहे हेही मला ठाऊक आहे. हृदय तितके शाबूत नाही. नऊ डिसेंबरला त्यातली एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही." हे वाक्य मी छत्तीस वर्षे पालकांना ऐकवले आहे, त्यामुळे त्यात किती दम असतो ते मला कळते.

खाडाखोड झाल्यास तिथे सही आणि आपल्या नावाचा शिक्का लागतो, असा कायदा आहे. मी फळ्यावरही कधी खाडाखोड केली नाही, तेव्हा तो प्रश्न येणार नाही.

कलम १. घर. माझे दुमजली घर, मागच्या पर्सिमॉनच्या फळझाडासकट, मी ~~माझ्या भावाचा मुलगा नाओफुमी याला~~ मानका आवा हिला देते. (इथे एक नाव खोडून दुसरे लिहिले आहे. सही केली, शिक्का मारला. फळ्याबद्दलचे वरचे वाक्य मी मागे घेते.)

खोडण्याचे कारण असे. मानका कॅमेरूनची. तिथे भर बाजारात तिचे कापडाचे दुकान होते. ते जाळले गेले आणि ती इथे जपानात आली. आश्रयाचा अर्ज केला, तर तिला जंगलापलीकडच्या स्थानबद्धता केंद्रात चौदा महिने ठेवले. तिथे भेटायला जाणाऱ्यांत मी होते. मध्ये काच, वेळ अर्धा तास. पहिल्या भेटीत मी विचारले, "काय हवंय?" ती म्हणाली, "दोरा." दोऱ्याला परवानगी नव्हती. सहा वर्षांपूर्वी तिची तात्पुरती सुटका झाली, कारण कागदावर हमीदार म्हणून मी शिक्का मारला. तेव्हापासून ती माझ्या वरच्या खोलीत राहते. तिने पगारी काम करायचे नाही, दरमहा हजेरी लावायची आणि परवान्याशिवाय नदी ओलांडायची नाही. हमीदार मेला, तर दुसरा लागतो. तो मिळाला नाही, तर पुन्हा काचेच्या आत.

मी वकिलाला दोनदा विचारले. घर मृत्युपत्राने देता येते, दातांची कवळीही देता येते. हमी देता येत नाही. ती घेणाऱ्याने आपल्या हाताने घ्यावी लागते. म्हणून मी नाओफुमीला जेवायला बोलावले आणि सांगितले, घर घे आणि मानकाची हमीही घे.

"आत्या, घर छानच आहे गं," तो म्हणाला. "पण ही सही म्हणजे… ऑफिसात कळलं तर?"

"काय कळेल? तुझी आत्या माणसासारखी वागायची, हे?"

"तसं नाही. उद्या ती पळून गेली तर मी काय करू?"

मानका त्याच्यासाठी चहा घेऊन येत होती. ती म्हणाली, "पळू कुठे, साहेब? मला नदीपर्यंतच परवानगी आहे."

नाओफुमी वाईट मुलगा नाही. त्याने तांदळाचे तीन मोची-लाडू खाल्ले, विचार करतो म्हणाला आणि चारच्या गाडीने गेला. पंधरा दिवस झाले, अजून विचारच चालू आहे. त्याला दरवर्षी एक टोपलीभर पर्सिमॉन द्यावेत. बाकी घर मानकाचे. वकील म्हणतो, कायद्याने ती या घराची मालकीण होऊ शकते. पुलाच्या पलीकडे जाऊन पडद्याचे कापड आणू शकत नाही, एवढेच.

कलम २. बँकेत जे उरेल ते शनिवारच्या टेबलाला. हे टेबल म्हणजे दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी देवळाच्या दालनात आम्ही, मानका धरून नऊजण, आश्रय मागणाऱ्यांसाठी जे मांडतो ते: तांदूळ, भाज्या, गरम कपडे, अर्ज भरायला मदत. आमचे सरासरी वय त्र्याहत्तर. टेबलासाठी माझ्या सूचना: भाषण करायला येणाऱ्याने आधी कप विसळावेत. कोणी दान म्हणून स्कीचे बूट आणल्यास ते त्याच्याच पायात घालून परत पाठवावे. सभासद नोमिझो यांनी छत्री परत करावी.

कलम ३. शिवणयंत्र मानकाला.

कलम ४. मानकाच्या हमीची सोय ~~पुढे ठरेल तशी~~ करण्यात आली आहे. (शिक्का. दुसरी आणि शेवटची खाडाखोड.)

कलम ५. फ्रिज ज्याला उचलता येईल त्याला.

कलम ६. संत्र्यांचा डबा. हा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. याचा इतिहास लिहिल्याशिवाय कलम ४ कळणार नाही.

टेबलावर मी नव्याने आलेल्यांना भाषा शिकवते, आणि भाषेबरोबर रीतही. कोणी भेट दिली, तर निम्म्या किमतीची भेट परत करायची, हा आपला रिवाज मी त्यांना पहिल्याच महिन्यात शिकवला. तोगावा कात्सुको म्हणाली, "ज्यांच्या घरात तांदूळ नाही, त्यांना तू परतभेटी शिकवतेस? डोकं ठिकाणावर आहे का, मित्सुए?" कात्सुको म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण, टेबल आम्ही दोघींनी सुरू केले. मी म्हटले, गरीब माणसालाही देण्याचा मान असतो. दोघींचेही बरोबर होते. त्यामुळेच भांडण टिकले.

२०१४च्या मार्चमध्ये मी टेबलावर पाकातल्या संत्र्यांचा एक हवाबंद डबा दिला. सवयीप्रमाणे झाकणावर माझे नाव आणि तारीख लिहिली. तो एका बर्मी कुटुंबाला मिळाला. त्यांनी तो मूल सांभाळल्याबद्दल एका इथिओपियन बाईला परतभेट दिला. तिची पँट मानकाने उसवून नीट करून दिली, म्हणून तिने तो मानकाला दिला. मानकाने तो सुंदर कागदात गुंडाळून, दोन्ही हातांनी, अगदी मी शिकवले तसे वाकून मला दिला. तेही भर सभेत. कात्सुकोने झाकण वाचले आणि डबा सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

"बघा हो! हिरासेबाईंचं शिक्षण गावभर फिरून घरी आलं!"

सगळे हसले. मानकासुद्धा. मी सभेची वही मिटली आणि त्या दिवसापासून तोगावा कात्सुकोशी बोलले नाही. आम्ही एकाच टेबलाशी उभ्या राहायचो. मध्ये मानका.

"मानका, तोगावाबाईंना सांग, बटाटे खालच्या पेटीत आहेत."

"तोगावाबाई, बटाटे खालच्या पेटीत."

"त्यांना सांग, मला डोळे आहेत."

"बाई, त्यांना डोळे आहेत."

असे साडेपाच वर्षे चालले. या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मानकाने हा कागद वाचला; तेव्हा तो कलम ५ पर्यंतच लिहून झाला होता. वाचायला मीच शिकवले आहे, त्यामुळे तक्रार करता येत नाही.

"बाई, मी शिवणयंत्र आणि फ्रिजच्या मध्ये का?"

"क्रमाला काही अर्थ नाही."

"तुमच्या क्रमाला अर्थ नाही, असं कधी झालंय? आणि 'पुढे ठरेल तशी' म्हणजे काय? ठरवणार कोण? तोगावाबाईंना का नाही विचारत?"

"तू विचार."

"नाही." तिने हातातली सुई खाली ठेवली. "तुमच्या बटाट्यांचे निरोप मी पाच वर्षं पोचवले. हा पोचवणार नाही. सही मिळाली नाही तर काचेच्या आत मी बसणार आहे, आणि या वेळी काचेच्या बाहेर तुम्ही नसाल. दोघींनाही जपानी येतं. आजपासून दुभाषी बंद."

नऊ नोव्हेंबरच्या शनिवारी मी दालनात गेले. कात्सुको गाजरे निवडत होती. मी म्हटले, "तोगावाबाई."

तिने मान वर केली नाही. "मानका, कोणी काही म्हणालं का?"

मानका छताकडे पाहत राहिली. बाकीच्या सहाजणांनी एकाच वेळी तांदळाच्या पोत्यांची तपासणी सुरू केली.

"कात्सुको," मी म्हटले. "माझं नऊ डिसेंबरला ऑपरेशन आहे. मी उठले नाही तर मानकाला हमीदार नाही. भाच्याने हात झटकले. मला दुसरं कोणी दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं कोणी असतं तरी मी तुझ्याकडेच यायला हवं होतं. तू होशील का?"

ती गाजराची माती पुसत राहिली. त्या गाजरावर माती उरली नव्हती.

"पाच वर्षं लागली तुला."

"साडेपाच."

"अजून माझ्या चुका काढ! शिक्का घरी आहे. सोमवारी जाऊ कचेरीत." मग मानकाकडे वळून म्हणाली, "तुला चालेल ना गं, मी? की तिच्यासारखी शिस्तीचीच हवी?"

"तुमच्याकडे शिस्त नाही हे माहीत आहे," मानका म्हणाली. "पण शिक्का चांगला आहे."

अकरा तारखेला आम्ही तिघी कचेरीत गेलो आणि हमीदार बदलला. रुग्णालय नदीच्या पलीकडे आहे. मानकाला तिथे येण्याचा परवाना मिळावा, म्हणून पहिला अर्ज कात्सुकोनेच भरला. त्यात तिने तारीख चुकवली. मी दुरुस्त केली. परवाना आला आहे.

एवढ्या मोठ्या गोष्टीची निम्मी परतभेट माझ्या घरात नाही. म्हणून कलम ६ चा संत्र्यांचा डबा मी तोगावा कात्सुको हिला देते. मुदत कधीच संपली आहे, पण डबा फुगलेला नाही. मी दर महिन्याला पाहते. हा तिने परत करू नये. रिवाज इथे संपला असे मानावे.

कलम ७. अस्थी भावाच्या घराण्याच्या थडग्यात ठेवाव्यात. फुले आणणाऱ्यांनी त्याऐवजी तांदूळ आणावेत आणि ते देवळाच्या दालनात उतरवावेत.

स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असे वकील म्हणतो. पण दुसऱ्याने न वाचलेल्या कागदावर माझा विश्वास नाही. म्हणून दोघांना वाचायला दिला आहे.

तोरिदे, रेइवा पहिले वर्ष (२०१९), २४ नोव्हेंबर.
हिरासे मित्सुए (शिक्का)

साक्षीदार १: नोमिझो तेत्सुओ (शिक्का). वाचले. छत्री सोबत जोडली आहे.

साक्षीदार २: तोगावा कात्सुको (शिक्का). वाचले. कलम ६ मला मान्य नाही. निम्मे परत करायचे, हा नियम मित्सुएचाच आहे, आणि डबा उघडल्याशिवाय निम्मा होत नाही. अठ्ठावीस डिसेंबरच्या शनिवारी मी तो टेबलावर उघडणार आहे. तिने आपला वाटा घ्यायला स्वतः यावे. निरोप पोचवायला आता कोणी नाही.