वीस मिनिटं पुढचं घड्याळ

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या पंचाहत्तरीला येत नाहीस, शिवणाची कामं अंगावर आहेत, असं लिहिलंस. ताई, मी तुझा भाऊ आहे, गिऱ्हाईक नाही. मला थापा मारू नकोस. तू पाच वर्षांची असताना बाबा जिन्यावरून पडले, ज्योतिषीबुवांनी तुझी पत्रिका पाहून ही मुलगी बापाला जड आहे म्हणून सांगितलं, आणि तुझी रवानगी आत्याकडे झाली. अजूनही तू आलीस की स्वयंपाकघरातच बसतेस, आणि बाबा जेवायला आले रे आले की तुला नेमकं बाजारात काम निघतं. मला काय कळत नाही का?

आता खरी बातमी. परवा दुकान आवरताना बाबांची जुनी डायरी सापडली. तीत तुझ्या जन्माची नोंद आहे: 'मुलगी. सहा वाजून दहा मिनिटं, घरच्या घड्याळाप्रमाणे.' अगं, गावभरची घड्याळं मिनिटाला मिनिट लावून देणारा आपला बाप घरचं घड्याळ मात्र वीस मिनिटं पुढे ठेवायचा, दुकान उघडायला उशीर नको म्हणून. आई यावरून त्यांना आयुष्यभर बोलली. आणि पत्रिकेला दिलेली तुझी जन्मवेळ त्याच घड्याळावरची निघाली!

तडक ज्योतिषीबुवांचं घर गाठलं. त्यांनी दोनदा चष्मा पुसला, नव्याने पत्रिका मांडली आणि म्हणाले की लग्नरासच बदलली, आता वडिलांना कसलीही बाधा नाही. तेव्हा बॅग भर. माझ्यावर तुझा लोभ आहेच, या खेपेला तो समोर बसून दाखव.

तुझा,
धाकटा


९ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले. इतकी वर्षं ज्या शनीला घाबरले, तो म्हणे शेजारच्याच घरात बसला होता. मग मात्र फार राग आला.

मला एक सांग, वेळ बरोबर निघाली असती, तर मी खरंच वाईट ठरले असते का? आत्याने काही कमी केलं नाही. पण रोज दुपारी मी तिच्या फाटकाशी उभी राहायचे. दोनच्या गाडीने बाबा मला न्यायला येतील असं वाटायचं. त्या पोरीला तुझ्या नव्या पत्रिकेचा काय उपयोग? बाबांनी स्वतः बोलावलं तर येईन. तुझ्या बोलावण्यावर नाही.

त्यांच्यासाठी शर्ट पाठवते आहे. नेहमीसारखा तुझ्याच मापावरून अंदाजाने बेतलाय. स्वतःला जप, माझ्या तिरसटपणासकट माझ्यावर माया ठेव.

तुझी,
ताई


१४ जून

चि. चिमे,
अ. आ.

धाकट्याकडून तुझं पत्र हट्टाने मागून वाचलं. त्याच्यावर रागावू नकोस.

चूक घड्याळाची नव्हती, पोरी. जिना ओला होता म्हणून माझा पाय मोडला, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी घाबरलो आणि पोटच्या पोरीला लांब केलं. चार महिन्यांत आणू म्हणत राहिलो, नंतर तुला तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. तू स्वयंपाकघरात, मी बाहेर, दोघंही एकमेकांना घाबरून. माझं चुकलं. तुझं काहीही चुकलं नव्हतं.

शर्ट झकास आहे. फक्त बाही चार बोटं लांब असते, दर वर्षी. दुमडून घालतो. बोललो नाही, न जाणो रुसून शर्ट पाठवायचंच थांबवलंस तर. या वेळी टेप घेऊन ये आणि माझं माप तूच घे.

दोनच्या गाडीने ये. मी स्टेशनवर असेन. धाकटा घरचं घड्याळ बरोबर लावायला स्टुलावर चढला होता, त्याला खाली उतरवलं आणि मीच काटे फिरवून ते चांगलं तासभर पुढे केलं. तुला न्यायला यायला आधीच फार उशीर झालाय, आता आणखी नको.

तुझा,
बाबा