मिशाळ कुणाची?

१९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आप्पांचा खोकला बसलाय. गुडघा तसाच. बिअरच्या दोन नंबरच्या टाकीचा व्हॉल्व्ह पुन्हा गळतो, पण ते तुझ्या कानावर घालायचं आता कारण नाही.

नावाच्या दाव्याच्या निकालाची प्रत मिळाली. सोबत तुमच्या कंपनीच्या वकिलाची चार ओळींची चिठ्ठी: तीस दिवसांत 'मिशाळ' हे नाव आणि मिशीवाल्याचं चित्र बाजारातून काढावं. काढतेय. मी आणि दोघं कामगार नऊ दिवस टबातल्या गरम पाण्यात बाटल्या बुडवून लेबलं खरवडतोय. नखांत डिंक बसलाय, घासागणिक त्याचा वास येतो. काल कोपऱ्यावरच्या बारवाल्याने बाटली उलटसुलट करून विचारलं, "बाई, मिशी कुठे गेली हिची?" हसले. दुसरं काय करणार?

तुमचं होर्डिंग पुलाजवळ लागलंय. 'मिशाळ. वडिलांच्या हातची चव.' त्यावरच्या माणसाची मिशी चिकटवलेली आहे, हे रस्त्यावरूनही दिसतं. आप्पा खाली बराच वेळ उभे होते. "हा कोण?" म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हीच."

ज्या माणसाने बॉयलर फिटरची नोकरी करता करता मागच्या शेडमध्ये भंगारातल्या टाक्या जोडून पहिली बिअर काढली, ज्याला अख्खा कारखाना मिशाळ म्हणायचा, त्याचा हात तुमच्या मशीनला कधी लागलाय का रे? ती ओळ लिहिताना जराही अडखळला नाहीस?

जाऊ दे. चिडायचं नाही असं ठरवून बसले होते.

सुनावणीला तू खिडकीशी बसलास, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. तुमच्या वकिलाने आप्पांना विचारलं, "नाव कुणी ठेवलं? चित्र कुणी काढलं?" आप्पा म्हणाले, "थोरल्याने. दोन्ही त्यानेच." संपलं, नाव तुमचं ठरलं. तुला वाटलं असेल, म्हातारा भोळा, सहज खरं बोलून गेला. तसं नाही. त्याआधी आठवडाभर मी त्यांना रोज पढवत होते. "नाव मी ठेवलं, चित्र पोरीने काढलं, एवढंच म्हणा." ते मान हलवायचे. मला वाटलं, म्हणतील.

खरं तर गोष्ट तिथवर जायलाच नको होती. तू इथे होतास तेव्हा नावाच्या नोंदणीचा अर्ज भरून तीनदा माझ्यापुढे सहीला ठेवलास. तिन्ही वेळा मी "उद्या करते" म्हणाले. मालकांच्या रकान्यात तुझं नाव वर, माझं खाली. पहाटे उठून माल्ट ढवळणार मी, आणि वर तू! सही केलीच नाही. तू विचारायचं सोडलंस, मग घर सोडलंस. तिकडे मार्केटिंगचा साहेब झालास आणि तोच अर्ज कंपनीच्या नावाने भरलास. तू नीच वागलास, याबद्दल मला आजही शंका नाही. पण दार मीच उघडं ठेवलं होतं.

सुनावणीहून परतताना टॅक्सीत मी आप्पांना म्हणाले, "माझा गळा कापलात. आता त्याच्याकडेच जाऊन राहा." ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पलंगावर बॅग उघडी आणि आप्पा शर्टांच्या घड्या घालतायत. पाय धरले मी त्यांचे, रडले, म्हटलं रागात बोलले. "राग नाही गं," ते म्हणाले, "पण आता इथे मन लागत नाही."

परवा त्यांनी पुन्हा विचारलं, त्याच्याकडे कधी सोडतेस? म्हणून हे पत्र.

रविवारी सकाळच्या गाडीने त्यांना घेऊन येते. दारापर्यंत, आत येणार नाही, आग्रह करू नकोस. रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोल. भाजीत मीठ कमी.

कधी त्यांनी माझी चौकशी केली, तर तेवढं कळव. नाही केली, तर काहीच कळवू नकोस.

तुझी,
धाकटी