घोगऱ्या आवाजाची वाहवा

६ मार्च

ती. मामांना शि. सा. न.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहिते आहे.

सिनेमाची परीक्षणं वाचली. तुम्ही आणि तुमच्या जोडीदारानं टीव्हीवर गाजवलेल्या त्या दोन हेरांची नव्या मंडळींनी माती केली, यावर सगळ्यांचं एकमत आहे. नवे दोघे जिवलग मित्र न वाटता तिकिटाच्या रांगेतले अनोळखी वाटतात, असं एकानं लिहिलंय. मला पटलं. दाद मिळाली ती फक्त फोनवरून हुकूम सोडणाऱ्या साहेबाच्या आवाजाला, म्हणजे तुम्हाला. ‘गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज. याला म्हणतात अभिनय!’

अभिनंदन. पण ध्वनिमुद्रण मी केलं आहे. तुम्ही तीनदा स्टुडिओत आलात आणि दर वेळी आवाज आधीपेक्षा घोगरा होता. शेवटच्या खेपेला वाक्याच्या टोकाशी नुसता वारा उरत होता. मालिकेची जुनी टेप लावून ताडून पाहिलं. हा अभिनय नाही. घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, उत्तरही असावं.

तुमची भाची


११ मार्च

चि. कानसेनबाई, अ. उ. आ.

इतकी वर्षं मला कुणी हिंग लावून विचारलं नाही. आता पेपरवाले डोक्यावर घेऊन नाचताहेत, तर तू दुधात मिठाचा खडा टाकतेस! दुसऱ्या भागासाठी बोलावणं आलंय. अट एकच, आवाज हाच हवा. डॉक्टरनं घसा साफ करून दिला तर मला कोण उभं करेल?

तुझी मामीही तुझीच री ओढते. म्हणते, हल्ली भांडणसुद्धा कुजबुजल्यासारखं होतं, मजा येत नाही.

माझा सत्कार आहे. ये. जोडीदार गेल्यापासून स्टेजवर एकट्यानं उभं राहायचं जिवावर येतं.

तुझ्यावर रागावलेला, तरी तुझाच,
मामा


१५ मार्च

ती. मामांना शि. सा. न.

साफ करण्याचं म्हणालात, म्हणून तुमची वाक्यं मशिनवर साफ करून पाहिली. घरघर काढली की खाली जवळजवळ काहीच उरत नाही. घरघर आवाजावर बसलेली नाही. ती आवाज खाते आहे.

दुसऱ्या भागापर्यंत एवढाही राहील असं मी म्हणणार नाही. परीक्षणं लिहिणाऱ्यांनी तुमचा घसा तपासलेला नाही.

सत्काराला येत नाही. तिथे मला टाळ्या वाजवता येणार नाहीत.

राग असू द्या, पण डॉक्टरांकडे जा.

भाची


२४ मार्च

चि. कानसेन, आशीर्वाद.

सत्कार झाला. मालिकेत शत्रूनं पकडलं की माझी बोबडी वळायची, आठवतं ना? मी नुसतं तोंड उघडायचो आणि शेजारून जोडीदार भलतंच काहीतरी ठोकून द्यायचा. लोक हसून लोळायचे.

काल माइकसमोर तोंड उघडलं. आवाज आला नाही. टाळ्या पडल्या. पुन्हा प्रयत्न केला. आणखी टाळ्या. सवयीनं शेजारी पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. त्यावर तर लोक उभेच राहिले. पहिल्या रांगेत तुझी मामी तेवढी बसून होती.

आज पेपरात आलंय, ‘जुनी करामत, तेच टायमिंग!’

सकाळपासून मामीशी पाटीवर लिहून बोलतोय. ती म्हणते, अक्षर पहिल्यापासूनच वाईट. मी हसलो, त्याचाही आवाज आला नाही.

तुला काय काय ऐकू आलं होतं, ते आता नीट सांग. विषय बदलणार नाही.

मामा


२६ मार्च

ती. मामांना शि. सा. न.

शुक्रवारी सकाळी घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आदल्या संध्याकाळी पोचते. जुनी टेप आणि तिन्ही ध्वनिमुद्रणं सोबत आणते. मला जे ऐकू आलं, ते डॉक्टरांनाही ऐकू दे.

तोवर कुजबुजूही नका, त्यानं घशाला जास्त ताण पडतो. मामींना पाटी मोठी आणायला सांगा.

डॉक्टरांपुढे तुम्ही फक्त तोंड उघडायचं. या वेळी शेजारी मी असेन.

लोभ आहे हे मला माहीत आहे. बोलून दाखवू नका.

तुमची भाची