नष्ट करायच्या फायलींच्या प्रती

३ मार्च, सकाळी
कॉम्प्युटरवर लाल पट्टी आली. जागा संपत आली म्हणे. मोकळी जागा ४ जीबी. एवढ्यावरून घरात हलकल्लोळ.

जागा हिला हवी आहे. हिचं लहान मुलांचे कपडे कसे बेतायचे त्याचं पुस्तक निघतंय. बावीस वर्षं गणवेशाच्या दुकानात पोरांची मापं घेतली, त्याचं हे पुस्तक. प्रकाशकाने कळवलंय की सगळ्या आकृत्या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून वीस तारखेच्या आत पाठवा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. त्या सॉफ्टवेअरला १५ जीबी लागतात.

हिने सरळ भावाला फोन लावला. माझ्या देखत. एकतीस वर्षं ऑफिसची रेकॉर्ड रूम सांभाळली मी, तीन मजले कागद, आणि जागा कशी करायची हे विचारायचं मेहुण्याला. फोन हातातून घेतला आणि त्याला सांगितलं की यायची गरज नाही, मी समर्थ आहे.

संकल्प: ७ तारखेपर्यंत २० जीबी मोकळे. लिहून ठेवतोय.

४ मार्च
पद्धत ठरली. ऑफिसचीच. जी फाइल तीन वर्षांत कुणी उघडली नाही ती नष्ट. पण नष्ट करण्याआधी तिची एक प्रत काढून वेगळी ठेवायची, रजिस्टरात नोंद करायची, आणि मूळ फाइल नव्वद दिवस रद्दीच्या खोलीत ठेवायची. कुणाची हरकत आली तर परत देता येते. कॉम्प्युटरमध्ये रद्दीची खोली आयतीच आहे. रिसायकल बिन म्हणतात. म्हणजे ज्याने हे मशीन बनवलं त्याने कुठेतरी रेकॉर्ड रूममध्ये काम केलेलं असणार.

प्रतींसाठी फोल्डर उघडलं. नाव दिलं: नष्ट करायच्या फायलींच्या प्रती.

नवीन रजिस्टर आणलं. रकाने आखले. अनुक्रमांक, फाइलचं नाव, तारीख, हरकत, शेरा. आखता आखता संध्याकाळ झाली. ही दोनदा येऊन बघून गेली. कौतुक तोंडावर करायची हिला सवय नाही.

५ मार्च
३८ फायली नष्ट. रीतसर. संध्याकाळी मोकळी जागा पाहिली तर ३ जीबी. काल चार होती.

हिला विचारलं, माझ्यामागे काय भरलंस यात. म्हणाली, तुम्ही खुर्चीतून उठाल तेव्हा भरीन ना. हा टोमणा होता. मी ओळखतो टोमणे.

६ मार्च
मेहुणा आलाच. येऊ नकोस म्हटलेलं या घराण्यात कुणाला कळत नाही. हातात साबणाच्या डबीएवढी हार्ड डिस्क. म्हणे भाऊजी, सगळं यात टाकू, दहा मिनिटांचं काम आहे. तळपायाची आग मस्तकात गेली. रेकॉर्ड बाहेरच्या गोदामात पाठवणं म्हणजे जबाबदारी झटकणं, हे मी त्याला तीन उदाहरणं देऊन समजावलं. चौथं चालू असताना तो चहाला आत गेला.

परत येऊन विचारतो, बिन रिकामी का नाही केली. म्हटलं नव्वद दिवस व्हायचेत. मग विचारतो, आणि प्रती कुठे ठेवताय. म्हटलं याच कॉम्प्युटरवर, सुरक्षित. तो डबी घेऊन आत हिच्याकडे गेला. चांगली बोलती बंद केली.

राग उतरावा म्हणून कोपऱ्यापर्यंत चालून आलो. आलो तर दोघं बहीणभाऊ माझ्या कॉम्प्युटरसमोर. काय चाललंय म्हटलं तर सहज बसलो होतो म्हणाली. मेहुणा गेला आणि डबी हिच्याकडेच विसरून गेला. अशा विसरभोळ्या माणसाच्या हातात रेकॉर्ड द्यायचं होतं.

९ मार्च
मोकळी जागा १.६ जीबी. सात तारीख गेली. सात हा नुसता अंदाज होता.

लेकीचा फोन आला. तिचं सासर दूर, पण बातमी पोचलेली. मामाने पोचवली असणार, त्याला दुसरा धंदा काय आहे. म्हणाली बाबा, माझे लहानपणीचे फोटो तेवढे राहू द्या. रजिस्टरात हरकतीच्या रकान्यात लगेच नोंद केली. पहिली हरकत. पद्धत चालते याचा याहून मोठा पुरावा काय पाहिजे. तिने पुढे बिनचं काहीतरी विचारलं. मी हवापाण्याचं विचारलं.

१२ मार्च
मोकळी जागा शून्य. प्रत काढायला जागा नाही असं मशीन मलाच सांगतं. म्हणजे जागा करायलासुद्धा जागा नाही. कॅबिनेटला एक थापड मारली. आतला पंखा घरघरतोय तेव्हापासून.

रजिस्टरात १४७ नोंदी झाल्या. अक्षर मात्र सुंदर आलंय.

ही म्हणाली आठ दिवस राहिले, मी भावाकडे बसून काम करते. नऊ वाजता पिशवी घेऊन निघाली. जा म्हटलं. माहेरच्या माणसात बसायला निमित्तच हवं असतं. जाताना सांगून गेली की जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. मी थंडच जेवलो. कळू दे तिला.

१५ मार्च
ही रात्री येईपर्यंत घरात कुणी नाही, त्यामुळे काम झपाट्याने व्हायला हवं. होत नाही. हे मशीन मला पाण्यात पाहतं.

जुन्या ऑफिसात फोन केला. माझ्या जागेवर आलेल्या बाईंना विचारलं की एवढी छाटणी तुम्ही कशी करता. चांगल्या बोलल्या. म्हणाल्या साहेब, रेकॉर्ड रूम दोन वर्षांपूर्वीच बंद झाली, सगळं स्कॅन झालं. किती दिवस लागले म्हटलं. अकरा दिवस म्हणाल्या. त्या खोल्यांत आता मोडक्या खुर्च्या ठेवतात.

अकरा दिवसांत म्हणजे घाण काम केलं असणार. मी तसं बोललो नाही. फोन ठेवला आणि पेन्सिलींना टोकं काढत बसलो.

१७ मार्च, दुपारी
चोर सापडला. फोल्डर फोल्डर करून बघितलं तर दहा दिवसांत सगळ्यात जास्त फुगलेलं फोल्डर एकच. नष्ट करायच्या फायलींच्या प्रती. चार जीबी. माझ्या नाकासमोर.

डोकं असं फिरलं की सगळ्या प्रती एका झटक्यात उडवल्या. कायमच्या. मग रद्दीच्या खोलीकडे वळलो. खड्ड्यात गेले नव्वद दिवस. बिनही रिकामी केली. मध्ये फोन वाजत होता, उचलला नाही. मोकळी जागा ८ जीबी. होती त्याच्या दुप्पट. हिच्या सॉफ्टवेअरला अजून सात कमी, पण वीस तारखेला तीन दिवस आहेत.

मग रजिस्टर घेऊन प्रत्येक नोंदीपुढे 'नष्ट' असा शेरा लिहीत गेलो. ९३ वर पेन थांबलं. ९३: मापं.

हिचे तक्ते. एक वर्षाच्या मुलापासून चौदाच्या मुलीपर्यंत, छाती, खांदा, बाही, उंची. बावीस वर्षांत मोजलेली पोरं. त्याच्यावर अख्खं पुस्तक उभं आहे. मूळ बिनमध्ये होतं, प्रत फोल्डरमध्ये होती, आणि दोन्ही मी एकाच तासात घालवली.

नियमाप्रमाणेच केलं होतं, तारीख चार वर्षांपूर्वीची होती. हरकतीचा रकाना कोरा होता. ही हरकत घेऊ शकली असती.

१७ मार्च, संध्याकाळी
ही आली. मी आधी हरकतीच्या रकान्याचं सांगायला गेलो, मग सरळच सांगून टाकलं की मापं गेली. माझ्या हातून गेली.

तिने चपला काढल्या, पाणी प्यायली. म्हणाली, मापं सहा तारखेलाच डबीत घातलीत. पुस्तकाचं सगळंच घातलंय. चार तारखेला तुम्ही रकाने आखताना पाहिलं तेव्हाच भावाला म्हटलं, येताना डबी घेऊन ये. आणि ती तारीख फाइल उघडल्याची नसते, बदलल्याची असते. मी रोज उघडते ती मापं, बदलायची कशाला, पोरं त्याच मापाची असतात.

पुस्तक काल गेलं. भावाच्या कॉम्प्युटरवरून. पोचल्याचं उत्तरही आलं.

मग आज कुठे गेली होतीस म्हटलं. पुस्तक गेलं म्हणून वहिनीने जेवायला बोलावलं होतं, तुम्हालाही बोलावलं होतं, फोन उचलला नाहीत.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक माणूस दहा दिवस मान मोडून राबतोय आणि घरातली माणसं मूग गिळून बघतायत. एवढं सांगायला काय झालं होतं, असं मी चढ्या आवाजात विचारलं. म्हणाली, तुम्ही कामात होतात.

१९ मार्च
मेहुण्याला मी परवानगी दिली. म्हणजे तो दारात उभा होता. दोन मिनिटांत त्याने सगळ्या फायली आकाराप्रमाणे लावल्या. वर एकाखाली एक आठ फायली, प्रत्येकी आठ जीबी. निरोप समारंभ. निरोप समारंभ प्रत. निरोप समारंभ प्रतीची प्रत. निरोप समारंभ अंतिम. पुढच्या चारांची नावं त्याने मोठ्याने वाचली नाहीत, हे त्याचे उपकार समजायचे.

मी रिटायर झालो त्या आठवड्यात काढलेल्या प्रती. अ वर्ग, कायम जतन. त्यांना तीन वर्षांचा नियम लागत नाही, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. तो हळूच म्हणाला, भाऊजी, हे कधी लावून पाहिलंय का. त्याला म्हटलं, तुझी बस चुकेल.

२० मार्च, दुपारी
पाहिलं. बावन्न मिनिटं.

माझं भाषण नऊ मिनिटं. चांगलं झालंय. बाराव्या मिनिटाला सगळे चहाला गेले आणि स्टँडवरचा कॅमेरा कुणी बंद केला नाही. पुढची चाळीस मिनिटं रिकाम्या खुर्च्या. त्याच्या मी आठ प्रती काढल्या होत्या.

अगदी रिकाम्या नाहीत. तिसऱ्या रांगेत ही. मांडीवर पिशवी, पिशवीवर मला मिळालेला पुष्पगुच्छ. मी नव्या बाईंना किल्ल्या समजावून द्यायला गेलो होतो. पाच मिनिटांत येतो म्हणून. ही निमंत्रणपत्रिकेच्या मागे पेन्सिलने काहीतरी काढतेय. फ्रॉकची बाही असावी. मध्येच मान वर करून दाराकडे बघते. चौदा वेळा बघितलं. मी मोजलं आणि रजिस्टरात लिहिलं. शेवटपर्यंत मी आलेलो दिसत नाही.

सात प्रती उडवल्या. मोकळी जागा ६४ जीबी.

आठवीची नोंद केली, १४८. पाच वर्षांत कुणी उघडलेली नाही. नियम सगळ्यांना सारखा. पण यावेळी हरकत आधी विचारायची ठरवलं.

२० मार्च, संध्याकाळी
पाच वाजता हिला भावाकडे फोन केला. प्रकाशकाने दुसरं पुस्तक मागितलंय, मोठ्यांच्या कपड्यांचं, त्याची बोलणी चालली होती. भावाने त्याचा जुना लॅपटॉपही देऊन टाकलाय, आता तिला इथल्या मशीनची अडचण नाही. म्हटलं समारंभाचा व्हिडिओ ठेवू की काढू. म्हणाली, ठेवा नाहीतर काढा, मी तिथे होतेच, मला कशाला बघायचाय.

म्हटलं बरं. कधी येतेस.

पाच मिनिटांत निघते म्हणाली. आता पावणेसात.