सुनेचा फुफू आणि माझा घसा

मी तुमच्या लेकीनं कुटलेला फुफू चावून खाल्ला, हे तुम्ही टेकिमानच्या अख्ख्या बाजाराला सांगितलंत! कांदेवाल्या बायका, मासेवाल्या बायका, इतकंच काय, तिकडून कुमासीला येणारा बसचा ड्रायव्हरसुद्धा मला विचारतो, "आजी, खरंच चावलात?" जसं काही मी कुणाची कोंबडी चोरली.

विहीणबाई बिरागो यांना क्वाकूच्या आईचा, म्हणजे दुफीचा, नमस्कार. गुडघे कसे आहेत? जीभ ठणठणीत आहे ते इथवर ऐकू येतं. (तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहिते आहे. मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत गेले. तुमच्यापुरतं तेवढं पुरे.)

फुफू गिळायचा असतो, चावायचा नसतो, हे मला तुम्ही शिकवू नका. दात यायच्या आधीपासून गिळते आहे. सुनेनं घाम गाळून उकडलेले कंद उखळात कुटावेत, त्यांचा मऊ गोळा करावा आणि सासूनं तो चघळावा, म्हणजे तुझ्या फुफूत गाठी आहेत असं चारचौघांत सांगितल्यासारखंच, हेही मला कळतं. पण घशाखाली उतरेचना, त्याला मी काय करू? आधी फुफू अडायचा, मग भात, मग पेजसुद्धा. सगळं छातीच्या मधोमध येऊन बसायचं, सावकारासारखं. आडवी झाले की परत तोंडात. म्हणून बारीक चावायचे, वर पाणी ढोसायचे, मागच्या अंगणात उड्या मारायचे (या वयात!). पोकुआनं पाहिलं ते एवढंच, की सासू चावते. "आई, गाठी राहिल्यात का?" असं तिनं विचारलं. तोंडात घास, छातीत घास, बोलते कुठून? मी हात हलवला. तिला वाटलं, ताट उचल म्हणते. तिनं ताट उचललं, मग गाठोडं उचललं आणि आली तुमच्याकडे.

मी वाळून खारी मासळी झाले तेव्हा क्वाकूनं मला अक्राला नेलं. तिथली डॉक्टरीण लार्टी, केरसुणीच्या काडीएवढी पोर. तिनं मला चुन्यासारखं पांढरं पाणी पाजलं आणि ते उतरताना फोटो काढले. फोटोत अन्ननलिका वर यामच्या कंदासारखी फुगलेली, खाली पाखराच्या चोचीसारखी मिटलेली. म्हणाली, "आजी, खालचा स्नायू दार उघडतच नाही. दारवान झोपलाय." म्हटलं, बडव त्याला. तर म्हणे, बडवून नाही भागायचं, थोडा कापू, पण तोंडातून. पोटाला सुरी लागणार नाही. पुढे दिवा लावलेली नळी तोंडातून आत घालायची, आतल्या कातडीला चीर द्यायची, कातडी आणि स्नायू यांच्या मधून उंदरासारखं बीळ करत खाली जायचं, तो आवळलेला स्नायू कापायचा आणि आल्या वाटेनं परत येऊन चिरेला चिमटे लावायचे. मला झोपेचं औषध देऊन हे सगळं केलंन. मी जागी असते तर उठून घरी आले असते.

आता खरी पंचाईत. जखमच नाही! चर्चच्या बायका संत्री आणि माल्टच्या गोड पेयाच्या बाटल्या घेऊन जखम बघायला आल्या. शेजारच्या अद्वोआनं तर सरळ माझं कापड वर केलं. "टाका कुठाय?" "आत." "आत म्हणजे कुठं?" मी आ केला. एकेकीनं वाकून पाहिलं. एक म्हणाली, "मला तर जीभच दिसते." अद्वोआ म्हणाली, "तीच कापायला हवी होती!" दोघी आपापली संत्री परत घेऊन गेल्या. तेव्हापासून माझं ऑपरेशन खोटं, असं तुम्ही म्हणता म्हणे.

खोटं कसं? पाण्याचा पहिला घोट आपण होऊन खाली गेला, मी उडी न मारता! मग रस्सा, मग पेज, मग मऊ भात. आता अंगावर कापड टिकतं. रात्री उशाला उंच उशा घेऊन पालखीतल्या राजासारखी निजते, छातीत जळजळू नये म्हणून गोळी घेते. डॉक्टरिणीचा वेडेपणा एकच. म्हणते, सगळं नीट चावून खा. "फुफूसुद्धा?" "फुफूसुद्धा." मी विचारलं, "बाई, तू असं बोलतेस ते तुझ्या आईला ठाऊक आहे का?" इतकी हसली की नर्स धावत आली. शेवटी म्हणाली, बरं, गोळे बोराएवढे, रस्सा भरपूर, पाठ ताठ.

मग मी त्याच चर्चच्या बायकांना खाणावळीत नेलं, पाठ ताठ केली, बकऱ्याच्या रश्शात गोळा बुडवला आणि त्यांच्यादेखत गिळला. सरळ पोटात. बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या, जसा माझा दुसरा बाप्तिस्माच झाला. हीच माझी जखम. बाजारात सांगायचं तर हे सांगा.

बाकी सगळं ठीक, जे खाते ते उतरतं.

तुमची विहीण,
दुफी

ता.क. हल्ली मुसळ क्वाकू धरतो. गाठी कशाला म्हणतात ते तेव्हा कळलं. स्वतःच कुटतो, स्वतःच चावतो आणि दाराकडे बघत बसतो.

ता.क. दुसरा. खाणावळीत घास उतरला तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणून गेले, की माझ्या सुनेच्या हाताची सर याला नाही. ऐकणाऱ्या फार होत्या, आता शब्द मागे घेता येत नाही. तेव्हा पोकुआला शनिवारच्या बसमध्ये बसवा. माफीबिफी मी मागणार नाही. उखळ घासून ठेवलंय.

ता.क. शेवटचा. याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही, विहीणबाई, आणि क्वाकूच्या फोनवर तर मुळीच नाही. पोकुआनं द्यायचं, माझ्या फोनवर. आणि मी फोन उचलला की आधी तिनं बोलायचं.