तिसरं ‘नको’

ता. ६ एप्रिल

ती. मामांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि मामीने पाठवलेली मसाल्याची पुडी पोचली. पुडी पोस्टमनने आधी हुंगली असावी, कारण हातात देताना तो दोनदा शिंकला.

मी मजेत आहे, दृष्ट लागेल इतकी. माझी खोली पाववाल्याच्या दुकानावर आहे, त्यामुळे सकाळी घड्याळाने नाही, वासाने जाग येते. आठवडी बाजारात एक चीजवाली आजी बसते. सुरीच्या टोकावर तुकडा धरून चाखायला देते आणि आपल्या तोंडाकडे बघत राहते. मी डोळे मिटले की ती शेजारणीला कोपराने ढोसते. गेल्या आठवड्यात वर्गातल्या एका उंच मुलीबरोबर (मनातल्या मनात मी तिला जिराफ म्हणते) सायकलने टेकड्यांतल्या एका गावी गेले. उतारावर ब्रेकने दगा दिला आणि मी थेट मेंढ्यांच्या कळपात. मेंढ्यांनी वाट दिली, चिखलाने दिली नाही. त्याच गावात संध्याकाळी सगळे मिळून गात बसले होते. शब्द कळले नाहीत, तरी शेवटच्या ओळीला मीही सूर लावला. कुणी हाकललं नाही!

एकच गोष्ट टोचते आहे. आमचे सर दर उन्हाळ्यात चार जणांना घेऊन डोंगरात जातात, झऱ्यांचं पाणी तपासायला. मामा, मी एवढ्या लांब आले ती याच कामासाठी, हे तुम्हाला ठाऊक आहे. सरांनी भर वर्गात मला विचारलं, येणार का म्हणून. मी म्हटलं, नको सर, आधी दुसऱ्यांना संधी द्या. त्यांनी मान हलवली आणि जिराफला घेतलं. पुन्हा एका शब्दाने विचारलं नाही. म्हणजे मी त्यांना नकोच होते, उगाच आपलं विचारायचं म्हणून विचारलं. घरमालकीणबाईंचंही तसंच. परवा जेवायला बोलावलं, सूप फार छान होतं. आणखी वाढू का म्हणाल्या, मी नको म्हटलं, तर पातेलंच उचलून आत! माणसं गोड आहेत इथली, पण आतून कोरडी.

असो. उन्हाळाभर प्रयोगशाळेत बाटल्या धुईन. आईला यातलं काही सांगू नका, फक्त चीजचं सांगा. मामीला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भिंगरी

---

ता. १९ एप्रिल

चि. भिंगरीस,
मामाचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. मेंढ्यांपाशी ती इतकी हसली की दूध उतू गेलं, आणि खापर माझ्यावर फुटलं. आईला चीजचं सांगितलं. ती म्हणाली, कार्टी चीजवर एवढं लिहिते म्हणजे काहीतरी दडवते आहे. आपल्या घरातल्या बायकांना फसवणं अवघड काम आहे बाई.

आता जरा कान इकडे कर. हातगाडीपासून या खानावळीपर्यंत मी आलो तो या दोन कानांच्या जोरावर. आत शेगडीपाशी उभा असलो तरी बाहेरचं ‘नको’ मला ऐकू येतं आणि ते कितवं आहे हेही कळतं. पहिलं लाजेचं, दुसरं शोभेचं, तिसरं पोटाचं. वाढप्यांना मी सांगून ठेवलंय, तिसरं ऐकल्याशिवाय पळी मागे घ्यायची नाही. आणि आपल्या घरात तर विचारूच नकोस. तू एवढीशी होतीस तेव्हाही ताटावर हात आडवा धरायचीस, पण बोटं फाकलेली. वाढणाऱ्याला वाट दिसावी म्हणून!

अगं शहाणे, ही बोटं सरांना कशी दिसणार? त्यांनी विचारलं, तू नको म्हणालीस, त्यांनी तुझ्या शब्दाचा मान राखला. त्या बाईंनी पातेलं उचललं तेही तुझा शब्द खरा मानून. तिथे एकदाच विचारतात. त्याला कोरडेपणा म्हणू नये. आणि तू मात्र अर्ध्या पोटी घरी येऊन त्यांनाच नावं ठेवतेस!

तेव्हा हे पत्र वाचलंस की घडी घालत बसू नकोस, पायात बूट घाल. सरांकडे जा आणि एवढंच सांग, मला यायचंय. ‘जमलं तर’, ‘आपली हरकत नसेल तर’ असली शेपटं लावायची नाहीत. जागा भरली असेल तर असू दे, पण तुला जायचं होतं हे त्यांना कळायलाच हवं. मामी म्हणते, सूपही मागून घे.

इकडची माया पातळ व्हायची नाही, मीठमसाला मामीच्या हातात आहे.

तुझा,
मामा

---

ता. ११ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बूट घातले आणि तशीच गेले. सरांना म्हटलं, मला यायचं होतं, अजूनही यायचंय. ते चष्मा काढून बघतच राहिले. मग नको कशाला म्हणालीस, असं त्यांनी विचारलं. मी तुमच्या तीन नकोंचा सगळा हिशोब सांगितला. तो त्यांनी गंभीरपणे ऐकला आणि म्हणाले, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतंस. गटातली जागा भरली होती, आणि जिराफची जागा मला घ्यायचीही नव्हती. पण वरच्या खोऱ्यातला एक झरा आटत चाललाय, तरी तो तपासायचा म्हणे दरवर्षी राहून जातो. तिथवर गाडी जात नाही आणि मेंढपाळाच्या घरी एकट्याने राहावं लागतं. एवढं बोलून सर श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात मी हो म्हटलं. मग त्यांनी चढण सांगितली, थंडी सांगितली, कुत्री सांगितली. मी तीनदा हो म्हटलं.

तर हे पत्र मेंढपाळाच्या घरातून. रोज बाटल्या घेऊन झऱ्यावर जाते. पाण्यात हात घातला की बोटं आपली राहत नाहीत. दुपारी दगडावर बसून पाव, ताजं लोणी आणि वाटेत तोडलेली आंबट फळं. काल धुक्यात वाट चुकले, तर घरच्या कुत्र्याने मला मेंढीसारखं हाकत अंगणात आणून सोडलं. इथल्या मालकीणबाईंनी, म्हणजे मेंढपाळाच्या बायकोने, त्याला शाबासकी दिली, मला नाही. सूप मागून घेते. आता तर त्या पातेलं माझ्याच बाजूला ठेवतात.

ऑगस्टअखेर सर आणि खालच्या गावातली माणसं वर येतील. झरा का आटतोय ते मी त्यांना सगळ्यांसमोर सांगायचं आहे. आयुष्यात पहिल्यांदाच. मामा, समोर घरचं कुणीतरी बसलेलं हवंय मला. आईची शाळा सुरू असेल, म्हणून तुम्ही आणि मामी या. मालकीणबाई वरची खोली ठेवते म्हणाल्या आहेत.

वाट बघते. माया दाट ठेवा.

भिंगरी

---

ता. २५ जून

चि. भिंगरीस,
अ. आ. वि. वि.

पत्र वाचून छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण उडालं. ते आमटीत सापडलं, गिऱ्हाईक ओळखीचं होतं म्हणून निभावलं.

येण्याचं म्हणशील तर नको गं. आम्ही कुठे एवढ्या लांब? खानावळ कोण बघेल? मामीचे गुडघे, माझं पोट, आणि तिथल्या माणसांत मी बोलणार काय? त्या बाईंनाही उगाच तसदी. खोली दुसऱ्या कुणाला द्यावी. तू बोल, आम्ही इथून कान देऊन ऐकू. आशीर्वादाला काही तिकीट लागत नाही.

तुझा,
मामा

---

ता. ८ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं नको पोचलं. तुमच्या शब्दाचा मान राखून लगेच मालकीणबाईंना कळवलं. त्यांना वाईट वाटलं, पण आग्रह केला नाही. इथे करत नाहीत. लोकर घेणारा व्यापारी दर उन्हाळ्यात येतो, वरची खोली आता त्याला देतील. महिनाअखेर तो पक्कं करेल.

खरं सांगू? तुमच्या पत्रात मला फाकलेली बोटं स्पष्ट दिसली. पण दुसऱ्यांदा विचारणार नाही. मला हे शिकवणारा माणूस कोण, ते मामीला विचारा.

भिंगरी

---

ता. १७ जुलै

चि. भिंगरीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून दाखवलं. मामीने माळ्यावरची मोठी बॅग काढून माझ्या पायाशी आणून आपटली. खानावळीचं म्हणशील, तर थोरल्या वाढप्याला विचारलं, महिनाभर सांभाळशील का. पहिल्याच दमात हो म्हणाला. मनाला जरा लागलंच.

व्यापाऱ्याला दुसरी खोली बघायला सांग. मला यायचंय. मामीलाही यायचंय. पहिल्या रांगेत बसायचंय.

बाकी माया समोरासमोर.

तुझा,
मामा

ता. क. : तिथे पहिल्या जेवणाला मी सवयीने नको म्हणेन. पातेलं धरून ठेव.